लोहखनिज आणि चेंडू : गोव्यातील खाणघराण्यांचे फुटबॉल क्लब

२००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत भारतीय फुटबॉलचे राष्ट्रीय साखळी-अजिंक्यपद आठ वेळा गोव्यात गेले. ज्या राज्याची लोकसंख्या २०११च्या शिरगणतीत पंधरा लाखांनाही पोचली नव्हती आणि ज्याचे क्षेत्रफळ आमच्या एकट्या गोंदिया जिल्ह्याहून कमी भरते, त्या राज्याने १८८९ साली स्थापन झालेल्या मोहन बागानला आणि त्याच्या तोलाच्या ईस्ट बंगालला वर्षानुवर्षे मागे ठेवावे, ही गोष्ट आकड्यांच्या हिशेबात बसणारी नव्हती. मध्ये एकदाच, २००५-०६ साली, मुंबईच्या महिंद्र युनायटेडने ही मालिका खंडित केली. आणि अखेरच्या विजेतेपदाला पुरी चार वर्षे होण्याच्या आतच, २०१६च्या पावसाळ्यात, साळगावकर, डेंपो आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या तीन क्लबांनी राष्ट्रीय साखळीतून आपण होऊन अंग काढून घेतले. एवढे वैभव इतक्या लहान मुलखात आले कोठून आणि ओसरले तेही एवढ्या त्वरेने कसे, हे समजून घ्यावयाचे तर क्रीडांगणावरून थोडे दूर, डिचोली-सांग्याच्या तांबड्या डोंगरांकडे आणि मुरगावच्या बंदराकडे पाहावे लागते.

गोव्यातील फुटबॉलचा आरंभ सांगताना विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रज धर्मगुरूचे नाव घेण्याची परंपरा आहे. प्रकृतीच्या कारणाने हा पाद्री १८८३ साली बारदेशातील शिवोली गावी येऊन राहिला आणि तेथील मुलांना त्याने हा खेळ शिकविला. पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेच्या द्वारे तो आसपासच्या गावांत पसरला. ब्राझिलात ज्याला या खेळाचा जनक मानतात तो चार्ल्स मिलर चेंडू घेऊन साव पावलोला उतरला १८९४ साली. म्हणजे परंपरेने दिलेली तारीख प्रमाण मानली तर पोर्तुगीज भाषेच्या जगातील या दोन टोकांपैकी शिवोलीचे टोक दहा-अकरा वर्षांनी पुढे होते. दोन्ही ठिकाणी पोर्तुगिजांचा संबंध भाषेपुरता आणि अंमलापुरता, खेळ मात्र इंग्रजाच्या हातचा. त्या पुढची वाट मात्र दोन्हीकडे भिन्न झाली. ब्राझिलात खेळ प्रथम धनिकांच्या क्लबांत स्थिरावला आणि तेथून हळूहळू खाली झिरपला. गोव्यात तो थेट शेतात उतरला. भाताची कापणी झाली, की खाजणातील आणि शेर जमिनीतील खाचरे उन्हाळाभर मोकळी पडत. आमच्याकडे ज्यांना बांध्या म्हणतात त्याच त्या. मधला बांध जरा सपाट केला आणि चार काठ्या रोवल्या की मैदान सिद्ध होई. खेळणारे अनवाणी असत, आणि चर्चच्या फेस्ताच्या दिवसांत वाड्यावाड्यांचे संघ एकमेकांविरुद्ध उभे राहत.

या वाड्यांच्या आणि गावांच्या क्लबांजवळ सर्व काही होते, फक्त पैसा नव्हता. सासष्टी, बारदेश आणि तिसवाडी हे तीन महाल म्हणजे पोर्तुगिजांची जुनी काबिजाद. तेथील ख्रिस्ती कुटुंबांतला कर्ता तरुण पोट भरण्यासाठी मुंबईला, आफ्रिकेला किंवा आगबोटीवर जाई. फुटबॉल त्याच्या पाठोपाठ जाई. धोबीतलावच्या परिसरातील गोवेकरांच्या कुडींमध्ये, म्हणजे गावाच्या नावाने चालणाऱ्या सामाईक बिऱ्हाडांत, राहणारी ही मुले कूपरेजवर खेळू लागली, आणि १८९१पासून चालत आलेल्या रोव्हर्स चषकाच्या व हारवूड लीगच्या सामन्यांत मुंबईच्या कंपन्यांना त्यांचे पाणी दिसले. आसगावचे नेव्हिल डिसोझा हे या पिढीचे शिरोमणी. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात तीन गोल केले, भारत ४-२ असा जिंकला आणि त्या स्पर्धेत चौथा आला; ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई. कोलवाळचे फोर्तुनातो फ्रांको १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकविजेत्या संघात होते. दोघेही टाटांच्या संघातून खेळले. एवंच, गोव्याने खेळाडू घडवावेत आणि मुंबईच्या कंपन्यांनी त्यांना मस्टरावर घ्यावे, ही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची वहिवाट होती. ती मोडण्यासाठी गोव्यातच एखादी पेढी अशी निर्माण व्हावयास हवी होती, की जिला खेळाडूला पगार देणे परवडेल आणि तसे करण्यात तिला स्वतःचे काही हितही दिसेल.

ती पेढी खनिजाने निर्माण केली. पोर्तुगीज सरकारने १९०६च्या खाण-कायद्यान्वये गोव्यात खाणींच्या सनदा देण्यास प्रारंभ केला होता. सनद कायमची असे आणि धन्याला तिच्या बदल्यात सरकारात जमा करावी लागणारी रक्कम अल्प असे. तथापि चार दशके हे दस्तऐवज बहुतांशी दप्तरातच पडून राहिले, कारण त्या खनिजाला गिऱ्हाईकच नव्हते. दुसरे महायुद्ध संपले, जपानच्या आणि पश्चिम जर्मनीच्या पोलाद-भट्ट्या पुन्हा पेटल्या, आणि डिचोली, सांगे व सत्तरी या महालांतील तांबड्या मातीला एकाएकी मोल आले. खाणीतून मालमोटारीने नदीकाठी, तेथून बार्जांतून मांडवी अथवा जुवारी उतरून मुरगाव बंदरात आणि तेथून आगबोटीने परदेशी, असा या मातीचा प्रवास ठरून गेला. १९५५च्या सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, मुंबईकडून येणारा भाजीपाला आणि बटाटेसुद्धा बंद झाले. पण खनिजाची वाट समुद्राकडे होती, ती कोणी अडविली नाही, उलट त्याच वर्षांत ती रुंद झाली. साळगावकर, डेंपो, चौगुले, बांदोडकर ही नावे याच काळात गोव्याबाहेर ऐकू येऊ लागली.

या बंदराच्या पाठीशी असलेल्या वास्को द गामा शहरात १९५१ साली वास्को स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला. ज्या दर्यावर्दीचे नाव या शहराला आणि क्लबाला मिळाले त्याच्याच नावाचा एक क्लब रिओ द जानेरोत १८९८पासून नांदत होता, पोर्तुगीज स्थलांतरितांनी प्रथम वल्हवण्याच्या शर्यतींसाठी काढलेला. आणि त्याची कीर्ती निराळ्याच कारणाने झाली होती. १९२३ साली कृष्णवर्णी आणि मजूर खेळाडूंना घेऊन तो रिओचा अजिंक्यवीर ठरला, तेव्हा तेथील प्रतिष्ठित क्लबांनी नवी संघटना काढून वास्कोने असे बारा खेळाडू वगळावेत अशी अट घातली. १९२४च्या एप्रिलात क्लबाच्या अध्यक्षांनी पत्र लिहून ती अट साफ नाकारली. गोव्यातील वास्कोपुढे असा प्रसंग उभा राहिला नाही, आणि नावाच्या साम्यावरून फार मोठे निष्कर्ष काढण्याचेही कारण नाही. परंतु बंदर, रेल्वेचे शेवटचे स्थानक, गोदीतले मजूर, खलाशी आणि कारकून यांची जी मिश्र वस्ती क्लबाला प्रेक्षक पुरविते, ती दोन्हीकडे सारखीच होती. याच वास्को शहरात १९५६ साली वासुदेव महादेव साळगावकर यांच्या आश्रयाने 'विमसन' या नावाचा संघ उभा राहिला. पुढे तोच साळगावकर क्लब म्हणून प्रसिद्ध झाला.

खाणमालकाने फुटबॉलचा संघ का पोसावा? दानत हे एक उत्तर आहे आणि ते अगदीच खोटे नाही. पण इतिहासात नुसत्या दानतीवर साठ वर्षे काही चालत नाही. माझ्या मते याचे मर्म गोव्याच्या दोन काबिजादींच्या नात्यात आहे. खनिज होते नव्या काबिजादीत, म्हणजे अठराव्या शतकात पोर्तुगिजांच्या हाती आलेल्या, प्रामुख्याने हिंदू वस्तीच्या महालांत. आणि खाणींचे धनीही बहुतेक हिंदू व्यापारी घराण्यांतले. फुटबॉल होता जुन्या काबिजादीत, ख्रिस्ती गावांत आणि चर्चच्या पटांगणांत. पोर्तुगीज अमदानीत मान, शिक्षण आणि सरकारी अधिकार बराच काळ या दुसऱ्या बाजूकडे राहिला होता. नव्याने धनवान झालेल्या घराण्याला सबंध गोव्यात आपले नाव घरोघर पोचवावयाचे होते, आणि त्यासाठी सासष्टीतल्या मुलाच्या पाठीवरील सदऱ्याइतके प्रभावी साधन दुसरे नव्हते. देवालयाला देणगी दिली तर ती अर्ध्या गोव्याला दिसे. फुटबॉलचा संघ सर्वांना दिसे. शिवाय व्यवहारही सोयीचा होता. खेळाडू कंपनीच्या कचेरीत किंवा गोदीत नोकरीला असे, त्याचा पगार कंपनीच्या जमाखर्चात पडे, आणि खेळून थकल्यावरही त्याची नोकरी टिकून राही. गरिबाघरच्या मुलाच्या बापाला चषकापेक्षा या शेवटच्या कलमाचे मोल अधिक वाटत असल्यास त्यात नवल नाही.

गोंदियाजवळच्या मुर्रीत बसून हे लिहिताना येथील खनिजाची आठवण होणे अपरिहार्य आहे. गोंदिया १९९९पर्यंत ज्या भंडारा जिल्ह्याचा भाग होता, त्यातील तुमसरच्या बाजूस डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगेनीजच्या जुन्या व मोठ्या खाणी आहेत, आणि तेही खनिज आगगाडीने बंदराकडे आणि तेथून विलायतेस जात असे. पण या खाणींचे धनी होते सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगेनीज ओअर कंपनीचे विलायतेतील भागीदार. १९६२ साली त्या कंपनीची जागा सरकारी 'मॉयल'ने घेतली. नागपूर-भंडाऱ्यात आपल्या नावाचा जयघोष व्हावा अशी त्या भागीदारांना कसलीच निकड नव्हती. गोव्याचा खाणमालक पणजीत किंवा वास्कोत राहत होता, त्याच बाजारात हिंडत होता आणि त्याच्या शेजाऱ्याने संघ काढला तर त्याला चैन पडत नव्हते. नफा जेथे निघतो तेथेच त्याचा धनी राहत असेल, तर त्या नफ्याचा काही अंश गावात सांडतो, हा न्याय येथे पुरेपूर लागू पडतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज हुकूमत संपली आणि या क्लबांना भारताची दारे उघडली. खेळाची स्थानिक संघटना त्यापूर्वीच, १९५९ साली, अस्तित्वात आली होती. तिचाच संसार पुढे गोवा फुटबॉल असोसिएशन म्हणून चालला. १९६३च्या डिसेंबरात गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते आणि खेळांचे शौकीनही. १९७०पासून त्यांच्या नावाने सुवर्णचषकाची स्पर्धा सुरू झाली आणि बाहेरचे नामांकित संघ गोव्यात येऊ लागले. १९६८च्या सुमारास डेंपो घराण्याचा संघ मैदानात आला. सेझा गोवा या खाण-कंपनीचा संघ निघाला, मुरगाव बंदराच्या विश्वस्त मंडळाचाही निघाला. मुंबईची वाट हळूहळू उलटली. फोर्तुनातो फ्रांको टाटांकडून परत येऊन साळगावकरकडून खेळले, आणि १९७८ व १९७९ अशा लागोपाठ दोन वर्षी डेंपोने रोव्हर्स चषक जिंकून नेला. ज्या कूपरेजवर गोव्याची मुले दुसऱ्यांच्या नावाने खेळत आली होती, तेथे ती आता गोव्याच्या नावाने जिंकत होती.

या पर्वाचे प्रतीक म्हणून एकच माणूस निवडावयाचा झाला, तर मी ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांची निवड करीन. १९७४पासून सतरा वर्षे ते साळगावकरचे गोलरक्षक होते. आज जो खेळाडू एका हंगामाचा करार संपताच दुसऱ्या गावी जातो त्याच्या काळात ही निष्ठा पुराणकथेसारखी वाटेल. परंतु त्या वेळी क्लब हीच नोकरी होती आणि नोकरी सोडणे ही सहज करावयाची गोष्ट नव्हती, हेही तिच्या मुळाशी होतेच. १९८२-८३ साली राज्यांच्या संघांचा संतोष चषक गोवा आणि बंगाल यांनी संयुक्तपणे जिंकला. पुढल्याच वर्षी मद्रासला अंतिम सामन्यात पंजाबचा १-० असा पराभव करून गोव्याने तो एकट्याने मिळविला. ब्रह्मानंद कर्णधार होते आणि सबंध स्पर्धेत त्यांच्या जाळ्यात एकही चेंडू गेला नाही. क्लबांचा पराक्रम त्याच्या मागोमाग आला. साळगावकरने १९८८ व १९८९ असा दोनदा फेडरेशन चषक जिंकला, आणि तो मिळविणारा तो गोव्याचा पहिला क्लब ठरला. १९८९ साली मडगावजवळ फातोर्ड्याचे मोठे क्रीडांगण बांधून झाले, आणि १९८९-९०चा संतोष चषक गोव्याने तेथेच, स्वतःच्या लोकांसमोर, केरळला हरवून घेतला. १९९७ साली ब्रह्मानंदांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तोवर ते मैदानातून निवृत्तही झाले होते.

याच सुमारास एका निराळ्या जातीचा क्लब जन्मास आला. १९८८ साली सासष्टीतील वार्का गावच्या आलेमाव बंधूंनी चर्चिल ब्रदर्स हा संघ काढला. त्याच्यामागे खाण नव्हती, राजकारण होते. चर्चिल आलेमाव १९९० साली अल्पकाळ गोव्याचे मुख्यमंत्रीही झाले. जुन्या काबिजादीतील ख्रिस्ती घराण्याने आपल्याच मुलखात आपलाच क्लब उभारावा आणि त्याने खाणमालकांच्या क्लबांशी बरोबरीने झुंजावे, ही गोष्ट गोव्यातील समाजकारणाच्या अभ्यासकांनी जेवढी मनावर घ्यावयास हवी होती तेवढी घेतलेली दिसत नाही.

१९९६-९७ साली राष्ट्रीय साखळी सुरू झाली आणि फुटबॉलचा खर्च एकदम वाढला. आतापर्यंत चषकांचे सामने म्हणजे चार-सहा दिवसांचा मामला असे. साखळीत महिनोन्‌महिने देशभर प्रवास, मुक्काम आणि मोठा संघ बाळगणे आले. तिसऱ्याच हंगामात, १९९८-९९ साली, साळगावकरने ही साखळी जिंकली. वास्को शहरातल्या, टिळक मैदानावर सराव पाहणाऱ्या लोकांना देशाचे अजिंक्यपद आपल्या गल्लीत आल्यासारखे वाटले असेल. पण आता नुसत्या गोवेकर मुलांवर भागणार नव्हते. परदेशी खेळाडूंना अनुमती होती, कोलकात्याचे क्लब त्यांच्यावर मुक्तहस्ते पैसा ओतत होते, आणि गोव्यानेही नायजेरिया व ब्राझिलकडे दृष्टी वळविली.

क्रिस्तियानो ज्युनियर हा त्या ब्राझिलियनांपैकी एक. ईस्ट बंगालमध्ये नाव कमावून तो डेंपोकडे आला तो आघाडीचा फळीवीर म्हणून. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरव क्रीडांगणावर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेंपो आणि मोहन बागान समोरासमोर आले. पहिला गोल क्रिस्तियानोने केला. सामन्याच्या उत्तरार्धात दुसऱ्या गोलासाठी तो चेंडूमागे धावला, चेंडू जाळ्यात गेला आणि त्याच क्षणी पुढे आलेल्या गोलरक्षकाशी त्याची धडक होऊन तो कोसळला. सहकाऱ्यांनी मैदानावरच त्याला शुद्धीवर आणण्याचा यत्न केला. इस्पितळात पोचेपर्यंत तो गेला होता. डेंपोने तो सामना २-० असा जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. राष्ट्रीय दर्जाच्या सामन्याला वैद्यकीय साहाय्याची पुरेशी तजवीज नसावी यावरून वृत्तपत्रांनी त्या वेळी कठोर टीका केली, आणि ती रास्तच होती. डेंपोने दहा क्रमांकाचा सदरा त्याच्या स्मरणार्थ कायमचा बाजूला ठेवला. त्याच हंगामाच्या अखेरीस क्लबाने प्रथमच राष्ट्रीय साखळी जिंकली.

त्यानंतरची वर्षे हा गोव्याचा सुवर्णकाळ. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली डेंपोने २००६-०७मध्ये पुन्हा राष्ट्रीय साखळी घेतली, आणि २००७-०८पासून तिचे रूपांतर आय-लीगमध्ये झाल्यावर पहिले, तिसरे आणि पाचवे अजिंक्यपद मिळविले. मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझिलचा बेटो. २००८ साली आशियाई संघटनेच्या ए.एफ.सी. चषकात हा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. २००८-०९ आणि २०१२-१३ ही वर्षे चर्चिलची. २०१०-११ साळगावकरचे, मोरोक्कोचे प्रशिक्षक करीम बेंचेरिफा यांच्या हाताखालचे. २०११ साली साळगावकरने फेडरेशन चषकही उचलला. चीनच्या मागणीने या काळात खनिजाची निर्यात वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात गेली होती. डोंगर उतरत होते, नद्या तांबड्या होत होत्या आणि मैदानांवर विजय होत होते. या तिन्ही गोष्टी एकाच काळी घडाव्यात हा निव्वळ योगायोग मानणे भोळेपणाचे होईल.

तरीही खाण थांबली आणि म्हणून क्लब थांबले, असे सरळ समीकरण मांडणाऱ्यांनी एक नोंद विसरू नये. डेंपो घराण्याने आपला खाण-व्यवसाय जून २००९मध्येच सेझा गोवा कंपनीला सुमारे १,७५० कोटी रुपयांना विकून टाकला होता. आणि त्यानंतरच्या तीन हंगामांत डेंपो क्लबाने दोन अजिंक्यपदे मिळविली. खाणीवर कुऱ्हाड पडली ती २०१२ साली. न्यायमूर्ती शहा आयोगाने बेकायदा उत्खननामुळे झालेले नुकसान सुमारे ३५ हजार कोटींचे असल्याचा अंदाज दिला, सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन थांबविले. एप्रिल २०१४मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१८मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणच रद्द ठरविले. बंदीच्या पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली चर्चिलने, ज्याच्याजवळ खाण नव्हती.

निर्णायक घाव दिल्लीहून आला. डिसेंबर २०१०मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क आय.एम.जी.-रिलायन्सला पंधरा वर्षांच्या मक्त्याने ७०० कोटी रुपयांना दिले. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी इंडियन सुपर लीग सुरू झाली: शहरांच्या नावाचे नवे संघ, चित्रतारकांची आणि क्रिकेटपटूंची मालकी, आणि खालून वर येण्याची किंवा वरून खाली जाण्याची कसलीही वाट नाही. गोव्याला मिळालेल्या 'एफ.सी. गोवा' या संघाचे भागीदार आरंभी श्रीनिवास डेंपो, दत्तराज साळगावकर आणि व्हिडिओकॉनचे धूत, आणि प्रशिक्षक साक्षात झिको. ज्याचा खेळ गोवेकरांनी रात्रीरात्री जागून दूरदर्शनवर पाहिला होता, तो ब्राझिलियन आता फातोर्ड्याच्या कडेला उभा होता. २०१५च्या डिसेंबरात त्याच मैदानावर एफ.सी. गोवा चेन्नईकडून ३-२ असा अंतिम सामना हरला, तेव्हा गोव्यात जी हळहळ झाली ती खरी होती. त्याच वर्षी डेंपो आय-लीगमधून घसरून दुसऱ्या श्रेणीत गेला होता. चर्चिलला परवान्याच्या अटी पुऱ्या न केल्याच्या कारणावरून २०१४मध्ये वगळण्यात आले होते. डेंपो घराण्याच्या एका हातात नवा संघ वाढत होता आणि दुसऱ्या हातातला जुना सुकत होता.

२०१६ साली महासंघाने सुपर लीग ही पहिली श्रेणी आणि आय-लीग ही दुसरी अशी योजना पुढे मांडली. दुसऱ्या श्रेणीतून आपल्या बळावर पुन्हा वर आलेल्या डेंपोने, आणि साळगावकर व स्पोर्टिंग यांनीही, अशा साखळीत खेळण्यात अर्थ नाही असे सांगून माघार घेतली. त्यांचा आक्षेप न्याय्य होता. मैदानात मिळविलेली जागा पैसे भरून मिळविलेल्या जागेपेक्षा खालची ठरावी, हे कोणत्याही स्वाभिमानी क्लबाला मान्य होण्यासारखे नव्हते. परंतु माघार घेण्याचा हा निर्णय कोणी घेतला, हा प्रश्न त्याहून मूलगामी आहे. तो मालकांनी घेतला. ताळगावच्या, वार्क्याच्या किंवा वास्कोच्या प्रेक्षकांना तो वर्तमानपत्रात वाचावयास मिळाला, कारण साठ वर्षांत या क्लबांच्या घटनेत त्यांना बसावयास जागाच कोणी ठेवली नव्हती.

येथे ब्राझिलातील दोन लहान क्लबांकडे पाहणे उद्बोधक ठरते. रिओच्या बाहेर बांगू या वस्तीत कापड-गिरणीतील इंग्रज कामगारांनी १९०४ साली बांगू क्लब काढला, आणि गिरणीतले कृष्णवर्णी मजूरही त्याच्याकडून खेळू लागले. १९३३ आणि १९६६ साली हा गिरणी-क्लब रिओचा अजिंक्यवीर झाला. साव पावलोच्या मोका भागात क्रेस्पी या इटालियन धनिकाच्या सूतगिरणीत १९१७च्या प्रसिद्ध सार्वत्रिक संपाची ठिणगी पडली होती. त्याच गिरणीच्या कामगारांनी १९२४ साली जो क्लब स्थापन केला तो पुढे जुवेंटस म्हणून नावारूपास आला. १९३०मध्ये बलाढ्य कोरिंथियन्सला हरवल्यावर त्याला 'खोडकर पोर' हे टोपणनाव पडले. रुआ जावारीवरील त्याच्या चिमुकल्या मैदानात १९५९ साली पेलेने असा एक गोल केला, की तो आपल्या आयुष्यातील सर्वांत सुंदर गोल होता असे तो पुढे सांगत राहिला, आणि त्याचे चित्रीकरण मात्र कोणाजवळ नाही. १९६०च्या दशकात क्रेस्पीची गिरणी बंद पडली. क्लब बंद पडला नाही. १९८३ साली त्याने राष्ट्रीय दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपदही मिळविले. तोवर संघावर नाव गिरणीमालकाचे राहिले नव्हते, सभासद त्या वस्तीचे होते, आणि मालकाची गिरणी बंद पडली म्हणून वस्तीचे रविवार संपले नाहीत. गोव्याच्या क्लबांच्या छातीवर मात्र प्रारंभापासून घराण्याचेच नाव होते. त्या नावाने त्यांना नोकऱ्या, मैदाने आणि प्रवासाचा खर्च दिला, जे कोणत्याही गावाला स्वतःच्या बळावर देता आले नसते. आणि त्याच नावामुळे त्यांचे जिणे घराण्याच्या मर्जीशी बांधले गेले. आश्रयाचा हा मोबदला आहे, आणि दरबारी गवई व मल्ल यांचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाला तो नवा वाटू नये.

माघारीनंतर हे क्लब नाहीसे झाले नाहीत, आकुंचन पावले. गोव्याच्या स्थानिक साखळीत त्यांचे संघ उतरत राहिले आणि लहान मुलांच्या प्रशिक्षणाकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले. चर्चिल ब्रदर्स २०१७च्या जानेवारीत आय-लीगमध्ये परतला आणि इतरांच्या माघारीमुळे काही वर्षे तेथील गोव्याचा एकटाच प्रतिनिधी झाला. २०१९ साली सुपर लीग ही अधिकृतपणे देशाची पहिली श्रेणी ठरली. खाणींचे लिलाव झाले ते २०२२च्या डिसेंबरात, आणि डिचोलीचा पहिला पट्टा वेदांत कंपनीने घेतला. डेंपो तिसऱ्या श्रेणीतून पुन्हा चढत २०२३-२४च्या अखेरीस तिचा उपविजेता ठरला आणि २०२४-२५च्या आय-लीगमध्ये खेळला. प्रशिक्षक होते समीर नाईक, पूर्वी त्याच संघाच्या बचावफळीत उभे राहणारे.